जुन्या इमारती कोण जपतो?

(प्रत्येक शहरात काही जुन्या इमारती असतात. त्यांपैकी कोणत्या जपायच्या, हे कोण व कसे ठरवते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तुम्ही पाहिले असेल किंवा त्याचे चित्र तरी पाहिले असेल. ही भव्य इमारत १८८८ साली पूर्ण झाली. तिच्या समोर महानगरपालिकेची इमारत आहे. जवळच अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे. या दोन्ही इमारती १८९३ सालच्या आहेत. शाळेत आजही वर्ग भरतात. जुनी इमारत ही केवळ पाहण्याची वस्तू नसते, ती वापरातही राहू शकते.

ताजमहाल, रायगड यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची काळजी केंद्र सरकारचे पुरातत्त्व खाते घेते. पण गावातील जुनी मंडई, पाणपोई, वाडा किंवा एखादी गल्ली यांचे काय? देशाच्या इतिहासात त्यांचे नाव नसेल, पण गावाच्या आठवणीत असते. अशा वास्तू जपण्याचे काम मुख्यतः स्थानिक संस्थांनी करायचे असते.

मुंबईसाठी १९९५ साली असे नियम लागू झाले. भारतातील कोणत्याही शहरासाठी झालेले हे पहिलेच नियम होते. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यादीत आले. यादी करताना केवळ वय पाहत नाहीत. बांधणी कशी आहे, तेथे कोण राहत होते, कोणती घटना घडली, त्या वास्तूमुळे परिसराला शोभा येते का, हेही पाहतात.

यादीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांत सहसा बदल करता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू असतात. तिसऱ्या श्रेणीतील वास्तूंमुळे परिसराचे रूप टिकते. त्यांत बदल करण्यास अधिक मोकळीक असते.

यादीतील इमारत पाडायची किंवा बदलायची असेल, तर मालकाला पालिकेकडे अर्ज करावा लागतो. आयुक्त वारसा समितीचे मत घेतात. या समितीत वास्तुशिल्पज्ञ, अभियंते व इतिहासाचे जाणकार असतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. छत गळते, जिने मोडले आहेत, भाडे थोडे येते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा आहे. मग मालक म्हणतो, “घर माझे, परवानगी दुसऱ्याची का?” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. म्हणून नवी यादी अंतिम करण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचना मागवतात. २०१२ साली मुंबईत नऊशेहून अधिक नव्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक रहिवाशांनी हरकती घेतल्या. नुकसान भरून निघावे म्हणून काही वेळा मालकाला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची सवलतही मिळते.

तरीही केवळ यादीने वास्तू वाचत नाही. गिरगावातील खोताची वाडी लाकडी सज्जांच्या टुमदार घरांसाठी प्रसिद्ध आहे. तिला वारसा परिसर म्हणतात. पण तेथील अनेक जुनी घरे आज उरलेली नाहीत. घर एकदा पाडले की ते पुन्हा तसेच उभे करता येत नाही.

आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे राज्यघटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे. भिंतीवर नाव न कोरणे, जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारणे आणि ती लिहून ठेवणे एवढे तर आपण आजपासूनच करू शकतो.

शब्दार्थ
वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा
वास्तू – इमारत
श्रेणी – दर्जा
सज्जा – घराची बाहेर आलेली गॅलरी
टुमदार – लहान पण सुंदर

स्वाध्याय
१. यादी करताना कोणत्या गोष्टी पाहतात?
२. घरमालकाची अडचण तुमच्या शब्दांत लिहा. तुम्ही त्याला काय सांगाल?
३. ‘इमारत’, ‘अर्ज’, ‘हरकत’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
४. उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यातील एका जुन्या वास्तूविषयी आठ ओळी लिहा.