पक्क्या खळ्याचा भराव : मुरुमाचा वाफसा ओळखा

सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट खळ्यावर येऊन पडतात. पूर्वी तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. त्यासाठी जागा तासून, पाणी शिंपडून, चोपून आणि शेणाने सारवून खळे तयार करीत असत. आता मळणी यंत्रावर होते. परंतु धान्य वाळविणे, उफणणे आणि पोती भरेपर्यंत ते राखणे यासाठी स्वच्छ व कोरडी जागा आजही लागतेच. म्हणून अनेक शेतकरी घराजवळ किंवा मळ्यात फरशीचे पक्के खळे बांधून घेतात.

असे खळे पहिल्या वर्षी सुरेख दिसते. एकदोन पावसाळे गेले की कित्येक ठिकाणी फरशा खालीवर होतात, मध्ये खोलगट भाग पडतो आणि तेथे पाणी साचते. पुढच्या सुगीत याच भागावर टाकलेल्या राशीचा तळ ओलसर राहतो. ज्वारी-गव्हासारखे धान्य साठवणीपूर्वी सुमारे १२ टक्के ओलाव्यापर्यंत आणि भुईमुगाच्या शेंगा सुमारे ८ टक्क्यांपर्यंत वाळलेल्या असाव्या लागतात. ओल राहिल्यास बुरशी धरते. भुईमुगावर वाढणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते माणसांना व जनावरांनाही घातक असते. अशा वेळी दोष फरशीला किंवा गवंड्याला दिला जातो. खरा दोष बहुधा फरशीखाली, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या भरावात असतो.

काळ्या मातीचा स्वभाव

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून, तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकण खनिज पुष्कळ असते. ते पाणी शोषून फुगते व पाणी गेले की आकसते. वैशाखात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा आणि पहिल्या पावसांनी त्यांचे मिटून जाणे हा प्रत्येक शेतकऱ्याच्या पाहण्यातील प्रकार आहे. याच मातीवर फरशी टाकली तर ती दरवर्षी उचलली जाते व दरवर्षी खाली बसते. ही हालचाल सर्वत्र सारखी नसते, म्हणून फरशी फुटते.

यावर उपाय दोन. काळ्या मातीचा वरचा थर काढून त्या जागी न फुगणाऱ्या मुरुमाचा भराव घट्ट बसविणे हा पहिला. भरावाखाली राहिलेल्या काळ्या मातीतील ओल शक्य तितकी स्थिर ठेवणे, म्हणजे तेथे पाणी पोहोचू न देणे, हा दुसरा. पुष्कळजण पहिला उपाय अर्धवट करतात आणि दुसरा विसरतात.

वेळ, जागा व आखणी

हे काम पावसाळा संपल्यानंतर, जमिनीत मध्यम ओल असताना करावे. भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर भराव घातला तर पावसाळ्यात खालची माती फुगते व सर्व काम उचलते. उन्हाळ्यातच काम करणे भाग असल्यास खोदलेल्या तळावर काही दिवस थोडे थोडे पाणी शिंपडून भेगा मिटू द्याव्यात. तळाचा चिखल मात्र होऊ देऊ नये.

जागा उंचवट्याची, उन्हाची व वाऱ्याची असावी. मोठ्या झाडाजवळ खळे घेऊ नये, कारण मुळे जमिनीतील ओल ओढून घेतात व माती एका बाजूने आकसते. न्हाणीचे किंवा गोठ्याचे पाणी त्या बाजूस वाहत असल्यास ते प्रथम दुसरीकडे वळवावे.

उदाहरणासाठी ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद खळे घेऊ. भराव फरशीच्या चारी बाजूंस १५ सेंटिमीटर अधिक घ्यावा, म्हणजे कडा ढासळत नाहीत. गुण्या लावून व दोरी ताणून चुन्याच्या फक्कीने आखणी करावी. उतार रुंदीच्या दिशेने, दर ३ मीटरला ५ सेंटिमीटर या प्रमाणात ठेवावा. पाच मीटर रुंदीत हा उतार सुमारे ८ सेंटिमीटर होतो. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या साह्याने पातळी काढून खुंट्यांवर खुणा कराव्यात.

खोदकाम व पाण्याची वाट

जमीन सपाट असल्यास खालच्या कडेला ३० सेंटिमीटर व वरच्या कडेला २२ सेंटिमीटर खोदावे, म्हणजे तळालाही फरशीइतकाच उतार मिळतो. भराव सर्वत्र ३० सेंटिमीटर जाडीचा होतो. मुळे, काडीकचरा व भुसभुशीत माती पूर्ण काढावी. निघालेली काळी माती कसदार असते, ती शेतात किंवा परसबागेत टाकावी.

काळ्या मातीत खोदलेला हा खड्डा म्हणजे एक परातच असते. मुरुमातून झिरपलेले पाणी तीत साचते व तळाची माती फुगविते. यास्तव तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून बाहेरच्या सखल जागेपर्यंत चर खोदून तो दगडगोट्यांनी भरावा. खर्च थोडा आणि उपयोग मोठा असे हे काम आहे.

मुरुमाची निवड

मुरूम लहानमोठ्या सर्व आकारांच्या कणांचा असावा. मोठ्या खड्यांमधील पोकळी बारीक कण भरून काढतात व त्यामुळे भराव घट्ट होतो. पाच सेंटिमीटरहून मोठे दगड वेचून काढावेत. ओल्या मुरुमातील बारीक भाग तळहातावर वळून पाहावा. त्याची लांब, न तुटणारी वळी होत असेल तर त्यात चिकण माती अधिक आहे असे समजून तो नाकारावा.

मुरुमाचा वाफसा

शेतकऱ्याला वाफसा शिकवावा लागत नाही. जमीन फार ओली किंवा फार कोरडी असताना औत चालवू नये हे तो जाणतो. मुरुमालाही असाच वाफसा असतो. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी त्याचे कण एकमेकांवर घासून अडतात व मध्ये पोकळी राहते. पाणी बेताचे असले तर कण सरकून जवळ येतात. पाणी अधिक झाले तर पोकळीतच पाणी भरते, ते दाबले जात नाही आणि भराव लिबलिबीत होतो. ओलावा व घट्टपणा यांचा हा संबंध अमेरिकेतील अभियंता प्रॉक्टर याने १९३३ मध्ये धरणाच्या भरावांसाठी मोजून दाखविला. आजही रस्ते व धरणे यांची कामे त्याच तत्त्वावर तपासली जातात.

परीक्षा सोपी आहे. मूठभर मुरूम घट्ट दाबावा. गोळा झाला, हात ओला झाला नाही आणि बोटाने टिचकी मारताच गोळ्याचे दोनतीन तुकडे झाले, तर वाफसा आला असे समजावे. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडून ढीग उलथापालथा करावा. हाताला चिखल लागला तर मुरूम पसरून सुकू द्यावा.

भराव एकदम टाकून त्यावर भरपूर पाणी सोडायचे व तो आपोआप बसेल असे मानायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी दिसते. काळ्या जमिनीवर ती हानिकारक आहे. ते पाणी तळाच्या मातीत मुरते आणि जी ओल टाळावयाची तीच आपण आपल्या हाताने आत घालतो.

थर व धुमस

तीस सेंटिमीटरचा भराव तीन थरांत घालावा. प्रत्येक थर सैल असताना सुमारे १३ सेंटिमीटर पसरावा. तो ठोकून १० सेंटिमीटरवर आला पाहिजे. धुमसाचा आघात वरच्या थोड्याच जाडीपर्यंत पोहोचतो. जाड थराचा वरचा भाग घट्ट होतो व खालचा पोकळ राहतो, आणि हीच पोकळी पुढे फरशी खाली बसविते.

लोखंडी धुमस गुडघ्याइतका उचलून सरळ सोडावा. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याच्या निम्म्या जागेवर पडावा. ठोकणी कडेकडून मध्याकडे करावी. एकदा लांबीने व एकदा रुंदीने असे चार-पाच फेरे द्यावेत. भाड्याने कंपन-धुमस यंत्र मिळाल्यास काम लवकर होते, परंतु थर व ओलावा यांचे नियम तेच राहतात. यंत्र न पोहोचणारे कोपरे हातधुमसानेच ठोकावेत. पुढचा थर घालण्यापूर्वी खालच्या थराचा पृष्ठभाग किंचित खरवडून ओला करावा, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात.

थर बसला हे कसे ओळखावे? धुमसाचा आवाज आरंभी भद्द येतो, तो टणक येऊ लागतो. टाच जोराने मारली तरी ठसा उमटत नाही. खुंटीवरील खूण १० सेंटिमीटरला मिळते. या तिन्ही गोष्टी मध्यभागी व चारी कोपऱ्यांत पाहाव्यात. कोपऱ्यातच काम कच्चे राहण्याचा संभव अधिक असतो.

फरशी व कडा

भरावावर ३ सेंटिमीटर वाळू किंवा दगडाची कच पसरून शहाबादी फरशी बसवावी. उतारातील चूक वाळूच्या जाडीने झाकू नये, ती भरावातच दुरुस्त करावी. सांधे एक भाग सिमेंट व चार भाग वाळूच्या मसाल्याने भरावेत. कडेने दगड किंवा विटा उभ्या पुराव्यात. खळ्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर वरच्या बाजूस चर काढून पावसाचे वाहते पाणी वळवावे. काळ्या जमिनीत सलग काँक्रीटपेक्षा अशी फरशी सोयीची, कारण एखादा भाग हललाच तर तेवढ्या फरशा उचलून पुन्हा बसविता येतात.

साहित्याचा हिशोब

उदाहरणातील खळ्याचा भराव ६.३ × ५.३ × ०.३ मीटर, म्हणजे सुमारे १० घनमीटर होतो. ठोकल्यावर मुरूम दबतो, म्हणून सैल मुरूम सुमारे १३ घनमीटर लागतो. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. यावरून साडेचार ते पाच ब्रास मुरूम व सुमारे एक तृतीयांश ब्रास वाळू धरावी. दहा घनमीटरच्या मापाने साडेतीन ब्रासच मुरूम आणला की शेवटच्या थराला तो कमी पडतो, आणि मग खोदलेली काळी मातीच आत ढकलली जाते. ही चूक हिशोबानेच टळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

तयार खळे पाहून त्याची पारख होत नाही. कार्यकर्त्याने निदान तीन वेळा कामावर जावे : खोदकाम झाल्यावर तळ व चर पाहण्यासाठी, पहिला थर ठोकताना मुरुमाचा वाफसा दाखविण्यासाठी आणि फरशीपूर्वी उतार तपासण्यासाठी. शेतकऱ्यानेही प्रत्येक थर स्वतः टाच मारून पाहिल्याशिवाय पुढचा घालू देऊ नये.

शेतात जमीन दडपली जाऊ नये म्हणून शेतकरी ओल्या रानात ट्रॅक्टर घालत नाही. ओल व दाब एकत्र आले की माती घट्ट होते हे ज्ञान त्याच्याजवळ आहेच. शेतात जे टाळावयाचे, तेच खळ्याखाली बेताने व थराथराने घडवून आणावयाचे आहे. एवढे साधले तर सुगीची रास कोरड्या जागेवर पडेल आणि वर्षाचे कष्ट पोत्यात सुखरूप जातील.