क्रेफेल्डचे कीटकशास्त्र मंडळ

कीटकांचा अभ्यास म्हटला की प्रात्यक्षिकाच्या तासाला चिरलेले झुरळ, नाहीतर पिकावरची फवारणी, एवढेच बहुधा आपल्याला आठवते. निव्वळ जिज्ञासेपोटी एकत्र आलेली माणसे या शास्त्रात केवढी भर घालू शकतात, हे पाहावयाचे असेल तर जर्मनीतील क्रेफेल्ड शहराकडे वळावे लागेल.

ऱ्हाईन नदीकाठचे हे शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते. येथे १९०५ साली कीटकशास्त्र मंडळाची स्थापना झाली. सभासदांत हौशी अभ्यासकांचा भरणा मोठा. कीटक गोळा करावेत, ओळखावेत, टाचणीला लावून जपून ठेवावेत, हा त्यांचा परिपाठ.

१९८० नंतरच्या दशकात मंडळाने संरक्षित क्षेत्रांत ‘मलेझ सापळे’ लावण्यास प्रारंभ केला. रेने मलेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने योजलेला हा सापळा तंबूसारखा असतो. उडता कीटक जाळीवर आदळला की तो वर चढू लागतो आणि माथ्यावरच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. मंडळाने सापळ्याचा आकार, रचना व बांधणी कधी बदलली नाही. वजन करण्याची रीतही ठरलेली होती. कीटक चाळणीवर निथळत ठेवावयाचे आणि दोन थेंबांमध्ये दहा सेकंदांहून अधिक काळ गेला की मगच तोलावयाचे.

या काटेकोरपणाचे मोल पुढे कळले. १९८९ मध्ये जेथे सापळे लावले होते, त्यांपैकी एका जागी २०१३ मध्ये ते पुन्हा लावले, तेव्हा कीटकांचे वजन सुमारे ८० टक्क्यांनी घटलेले आढळले. वर्षच वाईट असेल, म्हणून २०१४ मध्ये पुन्हा मोजले. तरी चित्र तेच. मग नेदरलँड्समधील निमेगन विद्यापीठाचे कॅस्पर हॉलमन व इतर शास्त्रज्ञ यांच्या साहाय्याने ६३ ठिकाणच्या नोंदी तपासण्यात आल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : २७ वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटले होते, तेही संरक्षित क्षेत्रांत!

येथे सावधगिरी हवी. बहुतेक ठिकाणी मोजणी एक-दोन वर्षेच झाली होती. शिवाय वजन घटले म्हणजे तितक्या जाती नाहीशा झाल्या, असे नव्हे. हवामान किंवा जमिनीच्या वापरातील बदल यांनी एवढ्या घटीचा उलगडा होत नाही, असे या अभ्यासकांचे म्हणणे होते. संशय जातो तो भोवतालच्या शेतीतील कीटकनाशकांवर व खतांवर. परंतु तो या आकड्यांनी सिद्ध झालेला नाही. तरीही प्रश्न गंभीर आहे. फुलांचे परागीभवन, पक्ष्यांचे अन्न, कुजक्या पदार्थांची विल्हेवाट, ही सारी कामे कीटकांवर अवलंबून असतात.

सापळे लावणाऱ्यांनी हा प्रश्न मनात धरून काम आरंभिले नव्हते. त्यांनी फक्त तारीख, जागा व वजन प्रामाणिकपणे नोंदविले आणि बाटल्या फेकून दिल्या नाहीत. आज क्षुल्लक भासणारी नोंद उद्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, हे सांगता येत नाही. मात्र जी नोंद झालीच नाही, ती कितीही मोठे यंत्र आणले तरी मागाहून करता येत नाही. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत तारीख लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.