फ्रीटाइप दोनदा का बिल्ड करायचं?

प्रश्न : लिनक्सवर फॉन्टची सॉफ्टवेअरं सोर्सकोडपासून स्वतः बिल्ड करून पाहतोय. सूचनांत लिहिलंय, आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बिल्ड करा, मग हार्फबझ, आणि मग पुन्हा फ्रीटाइप. एकच लायब्ररी दोनदा कशाला? हा घोळ कुणी निस्तरत का नाही?
– एक वाचक, गणेशगुडी (सुपा धरण)

उत्तर : घोळ आहे खरा, आणि तो निस्तरायला दहाएक वर्षं गेली.

‘सुप्यात’ हा शब्द घ्या. संगणकाच्या लेखी ते सात संकेत आहेत : स, उकार, प, हलन्त, य, काना, त. पडद्यावर मात्र अर्धा प य-ला चिकटलेला दिसायला हवा. त्या अर्ध्या प-चं चित्र फॉन्टमध्ये असतं, पण त्याला स्वतःचा युनिकोड संकेत नसतो. फॉन्टमधले नियम वाचून ‘इथे अमुक क्रमांकाचं चित्र, अमुक जागी’ हे हार्फबझ ठरवतं. त्या चित्राची बाह्यरेषा घेऊन प्रत्यक्ष ठिपके भरतं ते फ्रीटाइप. अक्षरांची मापं फ्रीटाइपकडून घेण्याची सोय हार्फबझमध्ये पहिल्यापासून आहे. इथवर सगळं सरळ.

उलटा धागा २०१३-१४च्या सुमारास जोडला गेला. लहान आकारात अक्षर रेखीव दिसावं म्हणून फ्रीटाइपचा ऑटोहिंटर त्याच्या रेषा ठिपक्यांच्या ओळींवर बसवतो. देवनागरीसाठी तो वरून खाली काम करतो, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. पण कुठलं चित्र कुठल्या लिपीचं, हे त्याला कळतं फॉन्टमधल्या संकेतांच्या यादीवरून, आणि अर्धा प त्या यादीतच नाही! मग पूर्ण अक्षराला एक वागणूक, अर्ध्याला दुसरी, आणि एकाच शब्दाची शिरोरेषा सांध्यावर हलण्याची शक्यता. ‘ही बिनसंकेताची चित्रं कुणाची?’ याचं उत्तर हार्फबझकडे होतं, म्हणून ऑटोहिंटर त्यालाच विचारू लागला. मागणी रास्त होती. पण आता दोघांना एकमेकांची गरज लागू लागली.

तुमच्या दारातली काळी नदी पाहा. सुप्याला वीज करून सुटलेलं पाणी बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात, तिथून नागझरीच्या वीजघरात, पुढे कोडसळ्ळी, मग कद्रा. खालच्याचा भार वरच्यावर, वरच्याचा खालच्यावर नाही. सुप्याचे दरवाजे उघडायला कद्र्याचीच वीज लागेल असं कुणी ठरवलं असतं, तर पहिल्या दिवशी सुरुवात कोण करणार? दोनदा बिल्ड करणं ही त्या पहिल्या दिवसाची तडजोड : अर्धवट फ्रीटाइप उभं करायचं, त्यावर हार्फबझ, आणि मग पूर्ण फ्रीटाइप.

गंमत म्हणजे हार्फबझचा उगम फ्रीटाइपमधलाच. डेव्हिड टर्नर यांनी १९९६ साली सुरू केलेल्या फ्रीटाइपच्या पहिल्या पिढीत ओपनटाइपचे नियम वाचणारा कोड होता. दुसऱ्या पिढीत तो बाहेर काढला. पँगो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांनी त्याच्या आपापल्या प्रती घेतल्या, वेगवेगळ्या वाढवल्या, आणि पुढे त्या एकत्र करून हार्फबझ झालं. बेहदाद एस्फाहबोद यांनी नंतर ते जवळजवळ नव्यानं लिहिलं. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिसही सगळीकडे त्यावरच चालतं.

मग दोन्ही पुन्हा एकत्र का करत नाहीत? कारण नुसते ठिपके भरून हवे असणारे कितीतरी आहेत, त्यांच्या माथी हार्फबझ कशाला मारायचं? माझ्या मते वेगळं ठेवणंच शहाणपणाचं. हार्फबझनं स्वतःच्या घरातही तेच केलं आहे : आयसीयू या मोठ्या लायब्ररीशी बोलणारा भाग वेगळा काढला, म्हणजे ज्याला नको त्याला तिचं ओझं नाही. फॉन्ट वाचायची स्वतःची सोयही त्यानं केली, त्यामुळे फ्रीटाइपची सक्ती त्या बाजूनं उरली नाही. फ्रीटाइपच्या बाजूची गाठ २०२५च्या २.१४ आवृत्तीत सैल झाली. आता बिल्डच्या वेळी हार्फबझ हजर नसलं तरी चालतं. प्रोग्रॅम सुरू असताना फ्रीटाइप ते शोधतं, सापडलं तर वापरतं, नाही तर त्याच्याविना काम उरकतं.

हे फुकट मिळालेलं नाही. पूर्वी हार्फबझ गैरहजर असेल तर बिल्ड करतानाच लक्षात यायचं. आता काहीच अडत नाही, कुठे कुरकुरही ऐकू येत नाही, आणि अक्षरं किंचित ओबडधोबड का दिसतात हे शोधत बसावं लागतं.

तुमच्या हातातल्या सूचना बहुधा जुन्या आवृत्तीच्या आहेत. २.१४ किंवा पुढचं फ्रीटाइप घेतलंत तर एकदाच बिल्ड करा, फक्त रनटाइमला हार्फबझ शोधायचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा. जुनंच वापरायचं असेल आणि दुसरी फेरी चुकवलीत, तरी जोडाक्षरं तुटणार नाहीत. ती जुळवायचं काम हार्फबझ आपल्या जागी करतच राहतं.