यंत्राचा नाद आणि कार्यवाहांचा हात

ज्या छायाचित्रावरून ताथवड्याच्या आमच्या छंद-मंडळात एवढा गदारोळ उठला ते मी काढलेले होते, ही गोष्ट आज कोणी नाकारीत नाही. परंतु मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात ते भिंतीवर लागले तेव्हा त्याखाली दुसऱ्याचे नाव होते, आणि पुढे त्याच छायाचित्रावरून चौकीत जबाब देण्याची पाळी आली तेव्हा ते नाव अकस्मात गळून माझे नाव पुढे करण्यात आले. ही हकीकत मी लिहितो ती काहीशी नव्या हौशी मंडळींना सावध करण्यासाठी आणि बरीचशी स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी.

मंडळात दोन पंथ होते. एक आम्हा कॅमेरेवाल्यांचा, दुसरा मेटल डिटेक्टर घेऊन शिवारे धुंडाळणाऱ्यांचा. हौशी छायाचित्रकारांनी मंडळ स्थापावे ही काही आजची टूम नव्हे; मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आघाडीच्या सभासदांत होते. यंत्रवाले मात्र अलीकडचे. ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले २००९ साली, आणि त्यानंतर वाकड, पुनावळे, मारुंजी या सगळ्या पट्ट्यात शेताचा बांध आणि इमारतीचा पाया यांतले अंतर इतके झपाट्याने नाहीसे होऊ लागले, की मातीत जे काही दडले असेल ते जेसीबीच्या आधी आपण पाहावे, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक होते. मलाही वाटले.

या छंदात आनंद नाही असे मी म्हणणार नाही. आपली जमीन काळ्या पाषाणाची, त्या पाषाणात लोहयुक्त कण भरपूर, त्यामुळे विलायती यंत्र आपल्या मातीवर आले की प्रथम उगाचच बोलू लागते. ते आपल्या मातीला सरावेपर्यंत चकतीचा तोल बसवीत राहावे लागते, आणि तो बसला म्हणजे मग खिळा, बाटलीचे बूच, ट्रॅक्टरचा नट, बैलाच्या खुराची झिजलेली पत्री, यांतील प्रत्येकाचा स्वर निराळा ऐकू येऊ लागतो. पत्री निघाली की यंत्रवाले ती फेकून देत. मी ती उचलून चित्र घेत असे. झिजलेल्या धातूवरचा उठाव टिपायचा तर समोरून प्रकाश पाडून उपयोग नाही. खोली अंधारी करून एकच विजेरी वस्तूच्या अगदी पातळीवर, आडवी धरावी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या नाण्यावरची अक्षरे सावल्यांसकट उभी राहतात. हे मंडळात मी शिकविले. आज ते दुसऱ्या कोणाचे तंत्र म्हणून सांगितले जाते, ते असो.

उन्हाळी नांगरट झालेल्या एका शेतात आम्ही सकाळी जमलो, तेव्हाच मी विचारले, की परवानगी कोणाची घेतली. माझी उभी नोकरी भूमी अभिलेखात गेली. सातबारा न पाहता बांध ओलांडणे माझ्या अंगवळणी नाही. मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "अहो, कसणाऱ्याला विचारलंय मी. तुमचं दप्तर घरी ठेवून येत चला." कसणारा एक आणि सातबाऱ्यावरचे सामाईक खातेदार सहा, त्यातला एक परदेशी आणि दोघांचा आपसात दावा चालू, हे मला नंतर कळले, कारण नंतर सातबारा मीच काढला.

यंत्र बोलले ते बांधाच्या कोपऱ्यात. वीतभर माती दूर केल्यावर हिरव्या गंजाने एकमेकांना चिकटलेली तांब्याची नाणी दिसली. सगळ्यांनी हात पुढे केले. मी ते अडविले, शेजारी मोजपट्टी ठेविली, उत्तरेकडे टोक करून पेन्सिल ठेविली, आणि नाणी जागची हलण्यापूर्वी चित्र घेतले. पुढचे चित्र कार्यवाहांनी ती उचलतानाचे: पोवळ्याची अंगठी घातलेले बोट, नखात माती, आणि अंगठ्याखाली एका नाण्यावर स्पष्ट वाचता येणारे 'राजा' हे अक्षरद्वय. वर 'श्री', खाली 'शिव', मागील बाजूस 'छत्र' आणि 'पति', अशी ती शिवराई. त्यानंतरच्या चित्रात ते नाणी रुमालात बांधीत आहेत.

शिवराई पुणे जिल्ह्यात दुर्मिळ नाही; पुढे पेशवाईतही ती पाडली जात होती, आणि दुदांडी शिवराई तर जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांतून आजही निघते. पण कायद्याला दुर्मिळतेशी कर्तव्य नाही. १८७८ चा निखात निधीचा अधिनियम अजून अमलात आहे, आणि जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक किमतीची असेल तर ती काय आहे, कोठे आणि कोणत्या तारखेस सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवून ती सरकारी खजिन्यात जमा करणे किंवा तारण देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. मी हे तेथेच, बांधावर सांगितले. कार्यवाह हसले. "दहा रुपये! दहा रुपयांत आज वडापाव येत नाही."

मी त्यांना चिखलीची आठवण दिली. चिखली काही विलायतेत नाही. याच पिंपरी-चिंचवडमध्ये तेथे बांधकामाच्या खोदाईत मजुरांना मोगल अमदानीतील सोन्याची नाणी सापडली, त्यांनी ती कोणास न कळविता घरी ठेविली, आणि २०२२ साली पोलिसांनी दोनशे सोळा नाणी आणि त्यांचे भांडे त्यांच्याकडून हस्तगत केले. "ती सोन्याची होती," कार्यवाह म्हणाले. म्हणजे तांबे सापडले तर मौन पाळण्यास हरकत नाही, असा काही नवा न्याय त्यांनी मनाशी बसविला असावा.

पुढे जे झाले त्यातील एकेक गोष्ट मला आजही बोचते. नाणी त्यांनी चिंच आणि मीठ लावून घासली. शतकानुशतकांच्या हिरव्या थराखाली सुरक्षित असलेला अक्षरांचा उठाव त्या घासण्यात गेला. ती देवघरातल्या निरांजनासारखी लखलखू लागली आणि अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांत पाहण्यासारखे फारसे उरले नाही. प्रदर्शनात काचेच्या पेटीत ती मांडली, मागे माझे चित्र मोठे करून लावले, कडेने छाटलेले, आणि खाली 'छायाचित्र व शोध' असे लिहून स्वतःचे नाव. कडा का छाटल्या, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. नावाच्याच संतापात मी होतो. प्रदर्शनाची बातमी स्थानिक पत्रात आली, सहा खातेदारांपैकी एकाने ती वाचली, आणि संध्याकाळपर्यंत ओंजळभर तांब्याचा गावात सोन्याचा हंडा झाला. भाऊबंदांनी अर्ज दिला, की आमच्या सामाईक जमिनीतून गुप्तधन काढून नेले.

चौकीत आम्हा दोघांना बसविले होते. अधिकाऱ्याने चित्र पुढे ठेवून विचारले, की हे कोणाचे. मी उत्तर देण्यापूर्वीच कार्यवाह अत्यंत शांतपणे म्हणाले, "साहेब, फोटो यांचा. मी मंडळाच्या वतीने फक्त नाव घातलं. जो फोटो काढतो, माल पहिला त्याच्याच हाती लागतो, नाही का?" हे बोलताना त्यांनी हात टेबलावर ठेविला होता, आणि माझी दृष्टी त्यांच्या बोटाकडे गेली. अंगठी नव्हती. तिच्या जागी वर्षानुवर्षे ऊन न लागलेल्या कातडीचा पांढुरका पट्टा होता. तेव्हा मला चित्राच्या छाटलेल्या कडांचा उलगडा झाला. माणूस गडबडीत खोटे बोलून गेला तर मी एक वेळ सोडून दिले असते. पण घरून निघताना ज्याने विचारपूर्वक अंगठी काढून ठेविली, त्याने हे उत्तर कित्येक दिवस आधी तयार केले होते, आणि त्या दिवसांत तो माझ्याकडे चहाला येऊन गेला होता.

मूळ चित्रे माझ्याजवळ होती. प्रत्येकात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक. नाणी जागेवर असतानाचे, मग अंगठीचा हात, मग रुमाल. लॅपटॉप उघडून ती क्रमाने दाखविली, तेव्हा अधिकाऱ्याने फक्त एकदा चित्राकडे आणि एकदा कार्यवाहांच्या बोटाकडे पाहिले. पंचनामा झाला, नाणी मुद्देमालात गेली, माझा जबाब साक्षीदार म्हणून घेतला गेला. कायद्यातील गंमत पाहा: निधी रीतसर कळविला असता, जमीनमालकाशी अन्य करार नसता आणि सरकारने तो स्वतः घेतला नसता, तर तीनचतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. न कळविणाऱ्याचा वाटा मात्र सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मंडळाच्या कार्यकारिणीने यावर गंभीर विचार करून ठराव केला, तो असा, की सभासदांनी कार्यवाहांच्या अनुमतीशिवाय शोधकार्याची छायाचित्रे काढू नयेत!

आता, जे कोणी अशा मंडळात जाणार असतील त्यांच्यासाठी. तोंडी परवानगी ही परवानगी नव्हे. सातबारा आता घरबसल्या मिळतो. तो काढावा, त्यावर जितकी नावे तितक्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि काही सापडल्यास काय करायचे हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. कसणारा, वाटेकरी, राखणदार, बिल्डरचा माणूस, यांपैकी कोणाचाही होकार उपयोगाचा नाही. जमीन वादात असेल तर तेथे पाऊलही ठेवू नये.

लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे, अशा संरक्षित ठिकाणी यंत्र नेण्याचा विचारही करू नये. तेथे उत्खनन हे पुरातत्त्व खात्याचे किंवा त्याच्या परवानाधारकाचेच काम आहे, आणि लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कॅमेरा न्यावा, तिकाटणे न्यायचे तर आधी विचारून घ्यावे. देहूरोडच्या बाजूला, दारूगोळ्याच्या कोठाराच्या आसपास, कॅमेराही बाहेर काढू नये आणि यंत्रही. तेथे जमिनीतून येणारा स्वर नाण्याचाच असेल असे नाही.

तरुण पोरे इंग्लंडच्या चित्रफिती पाहून हुरळतात. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका हौशी माणसाला यंत्राने सोन्याचा प्रचंड साठा सापडला आणि त्याला व शेतमालकाला मिळून बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, हे खरे. पण तेथे १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे, हौशी शोधकांच्या वस्तूंची नोंद घेणारी यंत्रणा आहे, आणि तेथेही मालकाच्या परवानगीविना शेतात शिरता येत नाही. चित्रफितीत हा भाग दाखवीत नाहीत.

अमावस्येस जाऊ नये. मी अंधश्रद्धेने म्हणत नाही, उलट दुसऱ्याच्या अंधश्रद्धेच्या भीतीने म्हणतो. आपल्याकडे गुप्तधनापायी इतके अघोरी प्रकार झाले आहेत की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली. तेव्हा तिन्हीसांजेला चार माणसे यंत्र घेऊन जमिनीवर वाकलेली दिसली तर गाव काय समजेल हे सांगायला नको. आमच्यातील एकाच्या पिशवीत सरबतासाठी लिंबे होती, ती त्याला अर्धा तास समजावून सांगावी लागली. भर उजेडात जावे, पाणी न्यावे, टोपी घालावी, डबा न्यावा, खणलेला खड्डा बुजवावा. माणसे पारखून घ्यावीत, असेही म्हणतात. ती कशी पारखावीत हे मात्र कोणी सांगत नाही.

छायाचित्रकारांना विशेष सांगणे. वस्तू उचलण्यापूर्वीचे चित्र मोजपट्टीसह घ्यावे, आणि उचलणाऱ्याचा हात चौकटीत येत असेल तर तो येऊ द्यावा. मूळ, अनछाटी चित्रे कोणासही देऊ नयेत. मंडळाला हवी तर लहान केलेली प्रत द्यावी. कार्ड तर कोणाच्या हाती देऊच नये, मग तो घरी चहाला येणारा का असेना. नाणे काही झाले तरी घासू नये. कोरड्या मऊ कुंचल्याने माती झाडावी आणि थांबावे. आणि १९५७ च्या कायद्याप्रमाणे, नोकरीत किंवा मोबदला घेऊन काढलेले नसेल तर छायाचित्राचा स्वामी ते काढणारा असतो, हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि मंडळाची वर्गणी भरल्याने तो मंडळाकडे जात नाही.

हे शेवटचे मला पुन्हा सांगावे लागले, कारण मंडळाच्या यंदाच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर तेच चित्र आहे, त्याच छाटलेल्या कडांचे. नाव या वेळी कोणाचेच नाही. पत्रिकेसोबत पुढील वर्षाच्या वर्गणीची मागणी आली होती. वर्गणी मी पाठविली नाही. नोटीस पाठविली, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पोच परत आली आहे, तीवर सही कार्यवाहांची आहे, आणि उत्तर अद्याप नाही.