ओळख उतरण्यापुरती, घर कागदावर

दरवर्षी मे-जूनमध्ये कुडाळ तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून मुलं-मुली मुंबईला निघतात. कुणाला इस्पितळात नोकरी लागलेली असते, कुणाला बँकेत, कुणाला गोदामात. नेमणुकीचं पत्र हातात असतं, पण राहायचं कुठे हे ठरलेलं नसतं. गणपतीला मी घरी आले की अशा मुलांचे आई-वडील मला हमखास विचारतात, "कमी भाड्यात खोली खंय मेळतली?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहिते आहे. मुंबईत घर मिळतं. ते टिकवायचं आणि आपली पुंजी वाचवायची, तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

आपल्याकडे मुंबईतलं घर नेहमी ओळखीने मिळत आलं. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या मंडळाची खोली असे. नवीन माणूस ट्रंक घेऊन थेट तिथे जाई. पाळीप्रमाणे माणसं कामाला जात आणि पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, एवढा तो पसारा मोठा होता. त्या खोलीसाठी कागद लागत नसे, कारण जामीन अख्खा गाव असे. पैशात कुणी खोट केली तर जत्रेला देवळासमोर त्याला जाब द्यावा लागे.

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि आपली माणसं डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरारला पांगली. गावाचा जामीन संपला, "आपलोच माणूस आसा" म्हणत पैसे देण्याची सवय मात्र राहिली. आज आपल्या मुलांचे पैसे बुडतात ते या सवयीमुळे.

आमचं काय झालं

मला परळच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाची नोकरी लागली. नवऱ्याचं काम कळंबोलीच्या गोदामात. सुरुवातीला आम्ही लालबागला चुलत सासऱ्यांकडे उतरलो. शेजारच्या गावचे एक गृहस्थ, मुंबईत बरीच वर्षं काढलेले, त्यांनी डोंबिवलीत वन-आरके दाखवली. व्यवहार 'हेवी डिपॉझिट'चा होता. मालकाला तीन लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नावापुरतं आणि घर सोडताना तीन लाख परत. दर महिन्याचं भाडं वाचणार म्हणून सासऱ्यांनी काजूचे पैसे काढले, मुदत ठेव मोडली. निम्मी रक्कम बँकेतून गेली, निम्मी मालकाने रोख मागून घेतली. आमच्या हाती आला तो मुद्रांकावर टंकलेला, नोटरीचा शिक्का मारलेला करार.

काही महिन्यांनी दारावर बँकेची नोटीस चिकटली. मालकाने घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं आणि हप्ते थकवले होते. आता कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घेणार होती. मालकाचा फोन बंद. मध्यस्थ गृहस्थ म्हणाले, "मी फक्त ओळख करून दिलंय." भर पावसात सामान बांधून आम्ही पुन्हा लालबागला आलो. पोलीस ठाण्यात बँकेतून गेलेल्या रकमेचा पुरावा दाखवता आला, म्हणून त्यातली काही रक्कम पुढे हप्त्याहप्त्याने परत आली. रोख दिलेल्या रकमेचा कुठेच मागमूस नव्हता. ती गेली.

करार नोंदवलेला असता तरी बँकेपुढे घर वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण किती पैसे दिले, कुणाला दिले, कशासाठी दिले, हे सरकारी दप्तरात असतं. आमच्यासारखीच कहाणी नंतर मी बऱ्याच जणांकडून ऐकली. कुठे एकच घर दोघा-तिघांना हेवी डिपॉझिटवर दिलेलं, कुठे भाडेकरूच मालक बनून पैसे घेऊन गेलेला.

आधी उतरायची सोय

पहिला महिना नातेवाइकांकडे, गावच्या मंडळाची खोली अजून असेल तर तिथे, नाहीतर वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढा. ओळखीचा खरा उपयोग इथे आहे आणि तो हक्काने करून घ्या. कुडाळात बसून मोबाइलवरचे फोटो बघून घर ठरवू नका. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल" असं सांगणारा माणूस घरमालक नसतो. तो "पैसे परत मिळतील, हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणतो. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत.

भाग निवडताना

भाडं एकटं बघू नका. भाडं, लोकलचा पास, स्टेशनपासूनची शेअर रिक्षा आणि पाण्याच्या टँकरची वर्गणी यांची एकत्र बेरीज करा. लांबचं स्वस्त घर या बेरजेत पुष्कळदा जवळच्या घराइतकंच पडतं, आणि रोजचे तास जातात ते वेगळेच. कामाची जागा पश्चिम रेल्वेवर असेल तर विरार-वसई, मध्य रेल्वेवर असेल तर ठाणे-डोंबिवली-कल्याण, नवी मुंबईत असेल तर पनवेल-कामोठे, हा साधा हिशेब आधी करा. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीत, कामाच्या जागेवरून निघून तिथे पोहोचून बघा. रात्रपाळी असेल तर शेवटच्या लोकलनंतर स्टेशनपासून घरापर्यंत कसं जाणार, हे विशेषतः मुलींनी आधी ठरवावं.

आम्ही नंतर नवीन पनवेलला भाड्याने घर घेतलं. नवऱ्याला जवळ, मला हार्बरने कुर्ला आणि तिथून परळ. कोकणातून येणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. म्हातारे आई-वडील सामानासकट येणार असतील तर याचं मोल कळतं. दिवा आपल्या लोकांना जवळचं वाटतं, कारण सावंतवाडीची पॅसेंजर तिथे संपते, पण तिथल्या पाण्याची चौकशी घर घेण्याआधी करा. पाणी किती वेळ येतं हे दलालाला विचारू नका, त्याच मजल्यावरच्या बाईला विचारा. पावसाळ्यात घर बघायला मिळालं तर उत्तम, ओल कुठे धरते ते भिंतच सांगते.

इमारत कायद्याची आहे का

फारच कमी भाडं असेल तर त्याचं कारण शोधा. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. ऑगस्ट २०२५मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला, तीही इमारत अनधिकृत होती. नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा तिथली कुटुंबं सामानासह रस्त्यावर आली. या घरांत कमी भाड्यासाठीच आपली माणसं जातात.

म्हणून भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. मालमत्ता कराची पावती दाखवली म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही. पालिका अनधिकृत बांधकामांनाही कर लावते. झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिका मूळ लाभार्थ्याला ठरावीक वर्षं दुसऱ्याला देता येत नाही आणि म्हाडाच्या संक्रमण शिबिरातला गाळा भाड्याने देण्याचा कुणालाच अधिकार नाही. अशा ठिकाणी भाडं कितीही कमी असलं तरी तपासणी आली की बाहेर पडावं लागतं आणि डिपॉझिट मागायला तोंड राहत नाही.

मालक खरा कोण

घर दाखवणाऱ्याला भेटून भागत नाही, मालकाला प्रत्यक्ष भेटा. 'इंडेक्स टू', म्हणजे खरेदीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, त्याची प्रत मागा. त्यावरचं नाव, सोसायटीच्या भागपत्रावरचं नाव, वीजबिलावरचं नाव आणि मालकाच्या आधार-पॅनवरचं नाव जुळलं पाहिजे. वीजबिलावरून थकबाकीही कळते. घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, हे स्पष्ट विचारा. कर्ज असणं गैर नाही, पण त्या घरासाठी मोठी रक्कम एकरकमी देऊ नका. शेवटी सेक्रेटरीला भेटून "या खोलीचे मालक कोण, आणि तुमची हरकत आहे का?" एवढं विचारा. मालक हे विचारू देत नसेल तर ते घर सोडा.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे आपल्या बाजूचं कलम आहे, माहीत करून घ्या. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मालक "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" म्हणेल, पण हे कलम अकरा महिन्यांच्या करारालाही लागू आहे.

नोंदणीसाठी आता निबंधक कार्यालयात जाण्याचीही गरज नाही. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ती घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या धरलेल्या व्याजाच्या पाव टक्का, पालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. दहा-बारा हजार भाड्याच्या घराला हे सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास जातं. करून देणाऱ्या एजंटची फी वेगळी. तीन लाखांच्या रकमेपुढे हा खर्च काहीच नाही.

करारात डिपॉझिटची पूर्ण रक्कम, ती कोणत्या दिवशी परत करायची, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, 'लॉक-इन' आहे का, रंगकाम आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा, देखभाल शुल्क कुणी भरायचं, हे सगळं लिहून घ्या. सोसायटी भाडेकरूमुळे मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा शासनाचा २००१चा आदेश आहे. त्याच्या नावाखाली तुमच्याकडून जादा पैसे मागितले तर पावती मागा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने दिली का, तेही बघा.

पैसे देताना आणि घर सोडताना

दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, पण घर बघायला निघण्याआधीच आकडा ठरवा आणि करार नोंदवल्यावरच द्या. करार वाढवताना पुन्हा दलाली द्यायची का, हेही तेव्हाच विचारा. डिपॉझिट फक्त मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यात जावं, दलालाच्या नाही, भावाच्या नाही. रोख मागितली तर व्यवहार तिथेच थांबवा. हेवी डिपॉझिटवर घर शक्यतो घेऊच नका. मालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवलेली किंवा खर्चलेली असते आणि तुम्ही घर सोडता तेव्हा त्याच्याकडे ती नसते.

राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवा. घर सोडण्याची सूचना लेखी द्या, मोबाइलवरचा संदेश तरी असू द्या. चावी आणि डिपॉझिट यांची देवघेव एकाच वेळी करा. मात्र मुदत संपल्यावर अडून बसू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

माझं शेवटचं सांगणं गावच्या वडीलधाऱ्यांना आहे. मुलाला किंवा मुलीला मुंबईला धाडताना काजूचे, आंब्याचे, गायी-म्हशींचे पैसे तुम्ही देता, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही तुमचा आहे. गावच्या ओळखीने मुलांना पहिला महिना आसरा मिळवून द्या. घराचे पैसे मात्र कुणाच्याही शब्दावर देऊ नका, तो शब्द आपल्या भावकीतल्या माणसाचा असला तरीही. जो खरा आपला आहे, तो कागदाला नाही म्हणत नाही. पैसे करार नोंदवण्याच्या दिवशी द्या, मालकाच्या खात्यात द्या आणि त्याआधी एक रुपयाही देऊ नका.