घाटावरचं ऊन आणि नऊवारीच्या चुण्या

१. आधी माणूस, मग लुगडं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर वाकून कपडे धुणारी बाई जलरंगांत काढायची, तर कंबर, गुडघे आणि पावलं यांचा तोल पहिल्या चार रेषांतच सापडायला हवा. तो नसेल, तर चुण्या कितीही सुरेख काढा, लुगडं दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसतं.

२. चुण्या मोजत बसू नये. कापड कुठे ताणलंय ते हुडकावं. नऊवारीत ताण असतो खोचलेल्या निऱ्यांपाशी, कासोट्यापाशी, खांद्यावर आणि वाकलेल्या गुडघ्यावर. चुणी तिथून निघते आणि दुसऱ्या ताणाकडे जाते, नाहीतर वाटेत विरते. डाव्या खांद्यावरून पाठीवर आलेला पदर उजव्या कमरेला खोचला, की पाठीवर तिरक्या रेषा पडतात. त्यातल्या दोन-तीन ठामपणे घ्याव्यात, बाकीच्या खुशाल सोडाव्यात. काठ मात्र बारकाईने बघा. चुणी आत वळली की काठ तुटतो आणि जरा सरकून पुन्हा सुरू होतो. तेवढं साधलं, तर छाया न भरताही घडी दिसते.

३. खळीचं नवं सुती लुगडं कोनात मोडतं, धुऊन विरलेलं अंगासरशी पडतं, भिजलेलं चिकटतं आणि गडद होतं.

४. सावलीत काळा रंग नको. मला सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. सावलीतल्या ज्या घड्या आकाशाकडे तोंड करून असतात, त्यांच्यावर निळाई उतरते. जमिनीकडे वळलेल्या घड्यांत उन्हातल्या धुळकट दगडाची ऊब शिरते. फिकट लुगड्यावर हे फार स्वच्छ दिसतं: पाठीवर अल्ट्रामरीन, पोटऱ्यांजवळच्या निऱ्यांत बर्न्ट सिएना. पायऱ्याही याच दोन रंगांतून काढा. बाई तिथलीच वाटते. कापडाचं रूप उजेड ठरवतो, हे पाहायचं असेल तर सावळाराम हळदणकरांची, हातात दिवा धरलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जाऊन पाहावी. तेही जलरंगच.

५. उभ्याने रंगवत असाल, तर सपाट जागेवरच्या आपल्याएवढ्या उंचीच्या उभ्या माणसांचे डोळे, जवळ असोत की लांब, क्षितिजरेषेवरच येतात. खालच्या पायरीवरची माणसं त्या मानाने खाली.

६. पलीकडच्या काठावरच्या बायांना चुण्या नकोतच. लुगड्याचा एक ठिपका पुरतो. त्याची वरची कड ओल्या कागदात मिसळू द्यावी. पायाशी सावलीची रेघ मात्र कोरड्यावर, ठळक ओढावी.