घरातील वायफाय वारंवार का तुटते? – एक अभ्यास



आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात आणि कित्येकदा प्रत्यक्ष मुलाखतसुद्धा इंटरनेटवरूनच होते. अशा वेळी घरातील वायफाय मध्येच बंद पडले, तर जे नुकसान होते ते पैशात मोजता येत नाही. आम्ही या विषयातील तंत्रज्ञ नाही. कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. परंतु आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्याचा अभ्यास करणे भाग पडले. तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडीत आहोत.

घडले ते असे. आमच्या कन्येची नोकरीची मुलाखत संध्याकाळी लॅपटॉपवर सुरू होती. अर्ध्या तासात तीन वेळा संपर्क तुटला. समोरच्या मंडळींनी "नंतर कळवू" असे सांगून मुलाखत आटोपती घेतली. पुढे बोलावणे आले नाही. आम्ही रागाच्या भरात सारा दोष धाकट्या चिरंजीवांना दिला. तो मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसतो म्हणूनच नेट तुटते, असे ठरवून त्याचा मोबाईल कपाटात बंद केला. दुसऱ्या दिवशी मोबाईल कपाटातच होता आणि नेट मात्र पूर्वीसारखेच तुटत होते. म्हणजे तपास न करताच आम्ही निकाल दिला होता. येथूनच आमच्या अभ्यासाला सुरुवात झाली.

१. वायफाय म्हणजे काय?

पुष्कळजण वायफाय आणि इंटरनेट हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. वास्तविक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची तार आपल्या घरातील राउटरपर्यंत येते, तो पहिला टप्पा. राउटरपासून मोबाईल किंवा लॅपटॉपपर्यंत रेडिओ लहरींनी जो संपर्क होतो, तो दुसरा टप्पा. वायफाय म्हणजे केवळ हा दुसरा टप्पा होय. त्यामुळे मोबाईलवर वायफायच्या सर्व रेषा भरलेल्या दिसत असूनही इंटरनेट बंद असू शकते. कारण त्या रेषा फक्त राउटर जवळ आहे एवढेच सांगतात. उलट कंपनीची लाईन उत्तम असूनही आतल्या खोलीत काहीच चालत नाही, असेही होते. कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड आहे.

२. दोष शोधण्याची पद्धत

यासाठी "पिंग" नावाची साधी चाचणी आहे. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ही आज्ञा व त्यापुढे एखादा पत्ता दिला, की संगणक त्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. मोबाईलसाठीही अशी मोफत ॲप मिळतात. ही चाचणी तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली पायरी : राउटरलाच हाक मारावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो व राउटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो. वायफायवरून हाक मारली असता उत्तरे गळू लागली, तर दोष घरातच, म्हणजे वायफायमध्ये आहे असे समजावे.

दुसरी पायरी : राउटर नीट उत्तर देत असेल, तर बाहेरच्या पत्त्याला हाक मारावी. गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता यासाठी सोयीचा आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या लाईनमध्ये आहे.

तिसरी पायरी : आकड्यांचा पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळाचे नाव टाकले की ते उघडत नाही. अशा वेळी नावाचे आकड्यांत रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था बिघडलेली असते. राउटरच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस पत्ता दिल्यास हे दुरुस्त होऊ शकते.

याशिवाय सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहणे. केबलवर सर्व ठीक आणि वायफायवर मात्र तुटते, असे आढळले तर वादाला जागा उरत नाही.

आम्ही चार दिवस एका वहीत तारीख, वेळ, खोली, राउटरचे उत्तर आणि बाहेरचे उत्तर असे रकाने आखून नोंदी केल्या. त्यावरून दोन गोष्टी उघड झाल्या. रात्री ९ नंतर आतल्या खोलीत खुद्द राउटरचीच उत्तरे गळत होती. त्याशिवाय, दिवसातून एकदोनदा केबल जोडलेली असतानाही बाहेरचे उत्तर काही मिनिटे बंद पडे आणि त्या वेळी एलओएस नावाचा दिवा लाल होई. म्हणजे आमच्या घरी एक नव्हे तर दोन स्वतंत्र दोष होते! म्हणूनच एखादा उपाय केला की थोडा फरक पडल्यासारखा वाटे आणि पुन्हा तेच सुरू होई.

३. वायफायचे दोष व उपाय

वायफाय प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. २.४ च्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या जातात, परंतु तेथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त व गर्दी कमी, पण एकदोन भिंती आड आल्या की तो लवकर क्षीण होतो. म्हणून राउटरच्या खोलीत ५ आणि दूरच्या खोलीत २.४ वापरणे बरे. चाचणीपुरती दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिल्यास आपण कशावर आहोत ते नेमके कळते.

जागा : लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, जाड भिंत या लहरींच्या मार्गातील मोठ्या अडचणी आहेत. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. आमचा राउटर नेमका लोखंडी कपाटाच्या मागे टीव्हीजवळ दडवलेला होता. तो घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्या जागी असावा.

गर्दी : २.४ च्या पट्टीत भारतात १ ते १३ चॅनेल आहेत. लगतच्या दोन चॅनेलमध्ये ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. पण एका वायफायला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांपासून मोकळे राहतात. एकाच चॅनेलवरची यंत्रे सभेतील वक्त्यांप्रमाणे आळीपाळीने बोलतात. परंतु कोणी मध्येच ३ किंवा ४ हा चॅनेल धरला, तर दोन्ही बाजूंना नुसता गोंगाट होतो. चाळीत किंवा इमारतीत रात्री सर्वजण घरी आले की ही गर्दी वाढते. आमच्या भोवती १ आणि ६ भरलेले दिसले, म्हणून आम्ही ११ निवडला व चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली.

इतर यंत्रे : मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. तो सुरू असताना जवळचे वायफाय अडखळले, तर नवल नाही. ब्लूटूथही त्याच पट्टीत आहे.

४. लाईन आणि विजेचे दोष

फायबरची तार काचेची असते. ती तीव्र कोनात वाकली किंवा फर्निचरखाली दबली, तर आतला प्रकाश बाहेर सांडतो. आमच्याकडे तीच तार कपाटामागे चेंगरलेली सापडली. तिच्या टोकाकडे डोळा लावून मात्र कधीही पाहू नये. आतील लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो.

राउटर फार तापत असेल किंवा आपोआप बंद-चालू होत असेल, तर अडॅप्टर तपासावा. नव्या अडॅप्टरचे व्होल्ट मूळ अडॅप्टरइतकेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावेत.

पूर्वी आम्ही "नेट चालत नाही" एवढीच तक्रार करीत असू आणि "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर मिळे. या वेळी केबलवरील नोंदी व लाल दिव्याच्या वेळा लिहून दिल्या. तेव्हा कर्मचारी आला आणि त्याने तार बदलून दिली.

५. काही सावधगिरी

(१) एका वेळी एकच बदल करावा व एक दिवस निरीक्षण करावे. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते समजत नाही.

(२) राउटरच्या मागील बारीक छिद्रातील रिसेटचे बटण विचार न करता दाबू नये. त्यामुळे कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते.

(३) पासवर्ड मोठा ठेवावा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे.

(४) महत्त्वाच्या मुलाखतीस किंवा परीक्षेस शक्यतो लॅन केबल वापरावी आणि पर्याय म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच तपासून ठेवावा.

समारोप

आता आमच्या घरी नेट व्यवस्थित चालते. हातची मुलाखत गेली ती गेली. परंतु पुढच्या मुलाखतीला कन्या केबल जोडून बसली आणि ती शेवटपर्यंत निर्विघ्न पार पडली. चिरंजीवांना मोबाईल परत देताना, चूक आमची होती हे आम्ही त्यास स्पष्ट सांगितले. नंतरच्या नोंदी वहीत त्यानेच ठेवल्या.

मित्रहो, यंत्र असो की माणूस, आधी नोंद, मग तुलना आणि शेवटी निर्णय, हा क्रम सोडू नये. घाईने दोष देणे सोपे असते. दोष शोधण्यास मात्र चार दिवस आणि एक वही लागते. हा लेख वाचून एखाद्या विद्यार्थ्याची एक जरी परीक्षा सुरळीत पार पडली, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.